रेट्रोआर्चवर उलटून येणारं दुखणं: आवाज तडतडतो, गेम कधी रांगतो, कधी पळतो

आधी लक्षणं सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे की दुसरं ते कळेल. संगणकावर रेट्रोआर्च, म्हणजे जुने टीव्ही गेम चालवणारा प्रोग्रॅम टाकलाय, फॅमिकॉमचा, म्हणजे आपल्याकडच्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमचा कोअर (त्या यंत्राची नक्कल करणारा भाग) उतरवलाय, गेम उघडतो, चित्र लख्ख दिसतं. आवाज मात्र फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडतो. कुठली तरी सेटिंग बदलली की थांबतो. सगळं जुळलं म्हणून तुम्ही निर्धास्त होता आणि दोन दिवसांनी तडतड परत हजर. कधी तिच्या जोडीला गेमही रांगायला लागतो, कधी उलट सुसाट पळतो.

पुण्याला होस्टेलवर राहणाऱ्या माझ्या भाच्याने याच कारणासाठी दीड महिन्यात मला चार फोन केले. "मावशी, परत सुरू झालं." प्रत्येक वेळी त्याने आधीच्याच उपायाचा डोस वाढवलेला असायचा. चौथ्या फोननंतर मी त्याला लॅपटॉप घेऊन मिरजेला बोलावलं आणि शनिवार-रविवार आम्ही दोघं त्यालाच चिकटून बसलो. तेव्हा उलगडा झाला की चार वेळा आलेलं दुखणं एक नव्हतंच. तक्रार आवाजाचीच, कारणं चार वेगळी. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नव्हतं ते म्हणून.

पुढचं सगळं विंडोज आणि रेट्रोआर्च धरून लिहिते आहे. बायोसच्या, म्हणजे कन्सोल सुरू करणाऱ्या फाइलच्या शोधात वेळ घालवू नका. प्लेस्टेशनला ती फाइल लागते, फॅमिकॉमच्या कॅसेटला लागत नाही. तुमचा गेम उघडतो आहे याचाच अर्थ रॉम (कॅसेटमधल्या गेमची फाइल) आणि कोअर ठीक आहेत.

आधी तीन घड्याळं समजून घ्या

इम्युलेटर, म्हणजे रेट्रोआर्चसारखा जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, चालतो तेव्हा तीन घड्याळं एकाच वेळी टिकटिकत असतात. पहिलं मूळ कन्सोलचं, म्हणजे टीव्हीला लावायच्या गेमच्या यंत्राचं. जपान आणि अमेरिकेतला कन्सोल सेकंदाला ६०.०९८८ फ्रेम्स, म्हणजे चित्रं, काढायचा, बरोब्बर साठ नव्हे. दुसरं घड्याळ तुमच्या स्क्रीनचं, ते सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतं, काही स्क्रीनवर ५९.९४ वेळा. तिसरं साउंड कार्डचं. त्याला सेकंदाला ४८००० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे बारीक तुकडे, हवीत म्हणजे हवीत, तिथे तडजोड नाही.

आता हिशेब करा. कन्सोलच्या एका फ्रेममागे साधारण ७९८.७ सॅम्पल तयार होतात. स्क्रीनने सेकंदाला ६० च फ्रेम्स दाखवल्या, तर सॅम्पल तयार होणार ४७९२१. रोजच्या रोज, म्हणजे दर सेकंदाला, ७९ सॅम्पलची तूट. रेट्रोआर्च जवळ थोडा साठा ठेवतं. त्याचंच नाव ऑडिओ लेटन्सी, आणि विंडोजवर ती सुरुवातीला ६४ मिलिसेकंद असते. इतका साठा म्हणजे ३०७२ सॅम्पल. तूट भरून काढणारं कुणी नसेल, तर पाऊण मिनिटाच्या आत साठा संपतो आणि साउंड कार्डला द्यायला काही उरत नाही. ती जी तडतड ऐकू येते ती ही रिकामी जागा.

तूट भरायची सोय रेट्रोआर्चमध्ये आहेच. ऑडिओच्या सिंक्रोनायझेशनमध्ये 'डायनॅमिक ऑडिओ रेट कंट्रोल' नावाची सेटिंग असते, तिचा मूळ आकडा ०.००५. म्हणजे आवाज अर्ध्या टक्क्यापर्यंत ताणायची किंवा आवळायची मुभा. मी तबल्याच्या क्लासमध्ये हार्मोनिअमवर लेहरा धरते, त्यामुळे हे काम मला लगेच समजलं. तबलजीची लय केसभर पुढेमागे झाली तर लेहरा धरणारा तिच्याबरोबर सरकतो, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण तबलजी एकदम निम्म्या लयीत गेला तर लेहरा कितीही सांभाळून धरला तरी मोडणारच. वरची तूट ०.१६ टक्क्यांची आहे, ती अर्ध्या टक्क्यात आरामात बसते. तेव्हा निरोगी संगणकावर तडतड व्हायलाच नको. होत असेल तर कुठलं तरी एक घड्याळ अर्ध्या टक्क्याहून जास्त सरकलं आहे. आपल्याला शोधायचं ते घड्याळ.

आणि म्हणूनच लेटन्सी वाढवणं हा उपाय नाही. भाच्याने ती ६४ वरून १२८, मग २५६, मग ५१२ केली होती. त्याने साठा मोठा होतो, तूट कमी होत नाही. टाकी मोठी बांधली म्हणून गळका नळ बंद होत नाही. शिवाय लेटन्सी ५१२ केली की उडी मारल्यावर आवाज अर्ध्या सेकंदाने येतो, मग खेळण्यात मजा ती काय राहिली? ती आधी ६४ वर परत आणा आणि मगच पुढे वाचा.

एफ३ दाबा आणि आकडा बघा

गेम चालू असताना एफ३ दाबलं की कोपऱ्यात सेकंदाला किती फ्रेम्स चालल्यात ते दिसतं. पुढचं सगळं निदान या आकड्यावर आहे, म्हणून निदान एक मिनिट त्याच्याकडे टक लावून बघा. आणि बघताना आवाजाकडेही कान ठेवा.

आकडा शंभराच्या वर, दोनशे, तीनशे असा असेल तर घाबरू नका, स्पेसबार दाबला गेला आहे. रेट्रोआर्चमध्ये स्पेस म्हणजे फास्ट फॉरवर्ड, आणि एकदा दाबला की पुन्हा दाबेपर्यंत तो चालूच राहतो. गेम अचानक पळायला लागला अशा तक्रारीत मी पहिल्यांदा हेच विचारते. इनपुटच्या हॉटकी विभागात जाऊन ती कळ काढून टाका.

आकडा ५२, ५७, ५४ असा लटपटत असेल तर संगणकाला काम झेपत नाही. आठ बिटांचा कन्सोल दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपलाही जड नाही, तेव्हा दोष सहसा वर चढवलेल्या ओझ्याचा असतो. जुन्या टीव्हीसारखं चित्र दाखवणारे शेडर, त्यातही सीआरटी-रॉयलसारखे भारी, साध्या ग्राफिक्सला घाम फोडतात. दुसरं ओझं रन-अहेडचं. ते बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंतचा उशीर कमी करतं, पण त्यासाठी प्रत्येक फ्रेम एकाहून जास्त वेळा चालवतं. दोन्ही बंद करून बघा, आकडा साठावर स्थिरावला तर एकेक परत चालू करा.

आकडा ४८ किंवा ४० वर खिळ्यासारखा ठोकलेला असेल, तर पुढचा भाग तुमच्यासाठी. आकडा ६० वर स्थिर आहे आणि तरी तडतड आहे, तर त्याच्या पुढचा.

चार्जर काढला की तडतड

भाच्याचा पहिला फोन याचा होता, पण फोनवर बोलताना आम्हा दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. रात्री खोलीत सगळं व्यवस्थित, दुपारी कॅन्टीनमध्ये मित्रांना दाखवायला गेला की गेम रांगतो आणि आवाज फाटतो. त्याला वाटायचं खोलीत आहे ते वायफाय कॅन्टीनमध्ये नाही म्हणून. वायफायचा इथे काहीएक संबंध नाही. खोलीत चार्जर लावलेला असायचा, कॅन्टीनमध्ये नसायचा.

बॅटरी वाचवण्यासाठी पुष्कळ लॅपटॉप चार्जर काढल्याबरोबर स्क्रीनचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र बदलण्याचा वेग, उतरवतात. ६० चा ४८ होतो, काहींचा ४०. पत्र लिहिताना, सिनेमा बघताना हे जाणवतही नाही. पण रेट्रोआर्चमध्ये व्हीसिंक चालू असतो, म्हणजे स्क्रीनने नवं चित्र मागितल्याशिवाय गेमची पुढची फ्रेम निघत नाही. स्क्रीन ४८ वर आली की गेमही ४८ वर. मग सेकंदाला ४८००० ऐवजी साधारण ३८३०० सॅम्पल तयार होतात. वीस टक्के तूट! अर्ध्या टक्क्याची मुभा तिथे काय पुरणार? ६४ मिलिसेकंदांचा साठा एक तृतीयांश सेकंदात संपतो. लेटन्सी ५०० केली तरी अडीच सेकंदांत. भाच्याने आकडा वाढवला की पहिले दोन-तीन सेकंद स्वच्छ वाजायचं, तेवढ्याने त्याला वाटायचं फरक पडला.

खात्री करायला विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, मग अॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. तिथे रिफ्रेश रेट लिहिलेला असतो. ते पान उघडं ठेवून चार्जर काढा, लावा. आकडा बदलला की चोर सापडला. रिफ्रेश रेटच्या यादीत 'डायनॅमिक' निवडलेलं असेल तर त्याऐवजी सरळ ६० निवडा. तिथे ६० असूनही बॅटरीवर तो उतरत असेल, तर ग्राफिक्सच्या स्वतंत्र कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवरचं पान असतं, बॅटरीवर रिफ्रेश रेट बदलायची परवानगी तिथे दिलेली असते. ती काढून घ्या. बॅटरी थोडी लवकर उतरेल, ते मात्र मान्य करावं लागतं.

१४४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारी स्क्रीन असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १४४ ला ६० ने भाग जात नाही, त्यामुळे आवाज स्वच्छ असूनही सरकणारं चित्र बारीक अडखळतं. यादीत १२० असेल तर खेळताना तो निवडा, प्रत्येक फ्रेम बरोबर दोनदा दिसते.

आकडा साठ, तरी तडतड

चार्जरचं कोडं सुटलं आणि आम्ही चहा प्यायला उठलो. परत येऊन दुसरा गेम उघडला तर पहिले काही सेकंद स्वच्छ, मग तडतड सुरू. एफ३ चा आकडा साठ, चार्जर लावलेला. मला खरंच वाईट वाटलं त्याच्यासाठी, कारण आता कुठे त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं.

रेट्रोआर्चच्या व्हिडिओ सेटिंग्जमध्ये, आउटपुटखाली, 'व्हर्टिकल रिफ्रेश रेट' असा आकडा असतो. स्क्रीन किती वेगाने चालते हे रेट्रोआर्चला तिथून कळतं, आणि त्या आकड्यावरून ते आवाजाचं माप आधीच कापून ठेवतं. भाच्याच्या त्या गेममध्ये तिथे ६१.४ होतं. म्हणजे रेट्रोआर्चने माप ६१.४ फ्रेम्सचं घेतलं आणि स्क्रीन देत होती ६०. तूट सव्वादोन टक्क्यांची. अर्धा टक्का भरून निघाला तरी पावणेदोन उरतेच. आणि आकडा उलट्या बाजूला चुकला, समजा ५९ पडला, तर तडतड होत नाही, त्याऐवजी चित्र ठरावीक अंतराने ठेचकाळतं. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: लिहिलेला आकडा खऱ्यापेक्षा जास्त, तर आवाज बिघडतो, कमी, तर चित्र.

६१.४ आला कुठून? त्याच पानावर खाली 'एस्टिमेटेड' शब्दाने सुरू होणारी ओळ असते, रेट्रोआर्च स्वतः मोजून अंदाज दाखवतं. त्यावर एंटर मारलं की तो अंदाज वरच्या जागी जाऊन बसतो. सुरुवातीचे काही सेकंद हा अंदाज उड्या मारत असतो. मागे ब्राउझरमध्ये काही उतरवणं चालू असेल तर जास्तच. भाच्याने घाईत तेव्हाच एंटर मारलं होतं. बाकी सगळे प्रोग्रॅम बंद करा, गेम पूर्ण स्क्रीनवर चालू द्या, मग मेनूत येऊन त्या ओळीकडे एक-दोन मिनिटं नुसतं बघत बसा. दशांशचिन्हानंतरचा दुसरा आकडाही हलेनासा झाला की मगच एंटर. एवढा धीर नसेल तर सरळ ६०.०० लिहा, आपल्याकडच्या बहुतेक स्क्रीनवर तेवढं पुरतं.

दुरुस्त केलं, पण टिकत नाही

आता खरी गंमतीची, म्हणजे डोकं पोखरणारी जागा. भाचा शपथेवर सांगत होता की त्याने तो आकडा मागच्या आठवड्यातच ६० केला होता. आणि तो खरं बोलत होता. मुख्य सेटिंगमध्ये ६० च होतं. पहिला गेम त्याप्रमाणे चालत होता. फक्त या एका गेमपुरतं ६१.४ उगवत होतं.

रेट्रोआर्चच्या सेटिंग्ज एका थरात राहत नाहीत. तळाला मुख्य कॉन्फिग फाइल, म्हणजे सेटिंग्जची फाइल. तिच्यावर कोअरपुरती ओव्हरराइड, म्हणजे मुख्य सेटिंगला बाजूला सारणारी वेगळी सेटिंग, तिच्यावर फोल्डरपुरती, सगळ्यात वर त्या एका गेमपुरती. ज्या थरात आकडा लिहिलेला असेल त्यांतला सर्वांत वरचा चालतो. क्विक मेनूतल्या (गेम चालू असताना एफ१ दाबून उघडतो) ओव्हरराइड्समध्ये 'सेव्ह गेम ओव्हरराइड्स' दाबलं की त्या क्षणी मुख्य फाइलपेक्षा जे जे वेगळं आहे ते सगळं त्या गेमच्या नावाने बाजूला लिहून ठेवलं जातं. भाच्याला त्या गेमच्या चित्राभोवती नुसती एक चौकट लावायची होती. ती लावून त्याने सेव्ह केलं आणि चौकटीबरोबर ६१.४ आणि लेटन्सी २५६ हेही तिथे जाऊन बसले. नंतर मुख्य सेटिंग कितीही सुधारली तरी तो गेम उघडला की वरचा थर तिला झाकून टाकणार.

तुमचंही दुखणं ठरावीक गेममध्येच येत असेल तर इथेच शोधा. रेट्रोआर्चच्या फोल्डरमध्ये कॉन्फिग नावाचं फोल्डर आहे, त्यात कोअरच्या नावाची फोल्डर्स, त्यात गेमच्या नावाच्या छोट्या फाइली. नोटपॅडमध्ये उघडल्या तर दहा-बारा ओळींच्या वर नसतात. आम्ही ती फाइल डेस्कटॉपवर हलवली, गेम उघडला, आवाज स्वच्छ. मग चौकट नव्याने लावून पुन्हा ओव्हरराइड सेव्ह केली. फाइल सरसकट डिलीट करू नका, हलवा. बिघडलं तर परत ठेवता येते.

न टिकण्याची आणखी दोन कारणं मी इतरांच्या संगणकांवर पाहिली आहेत. एक, प्रोग्रॅम नीट बंद न करणं. मुख्य सेटिंग्ज बाहेर पडताना लिहिल्या जातात. टास्क मॅनेजरमधून मारला किंवा बॅटरी संपून लॅपटॉपच बंद पडला, तर त्या दिवसाचे बदल गेले. सेटिंग बदलल्यावर एकदा मेनूतून क्विट करा, मग पुन्हा उघडा. दुसरं, एकाच संगणकावर रेट्रोआर्चच्या दोन प्रती. एक इन्स्टॉल केलेली, एक झिपमधून सोडवून डाउनलोडमध्ये पडलेली. दोघींच्या कॉन्फिग फाइली वेगळ्या. डेस्कटॉपवरचं चिन्ह एकीला उघडतं, तुम्ही दुरुस्त करता दुसरीला. चिन्हावर उजवं क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' बघा, एक प्रत ठेवा.

हेडफोनचं

चौथं कारण झटपट सांगते. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज उशिरा येतो, सेकंदाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, आणि इम्युलेटरमधली कुठलीही सेटिंग तो उशीर काढू शकत नाही. वायरचा हेडफोन लावा. पण भाच्याची तक्रार निराळी होती: आवाज टेलिफोनसारखा दबका आणि खरखरीत. मागे मीटिंगचं अॅप उघडं राहिलं होतं. अशा अॅपने हेडफोनचा माइक घेतला की ब्लूटूथ फोनकॉलच्या पद्धतीवर जातं आणि ऐकण्याचा दर्जा एकदम खाली येतो. अॅप पूर्ण बंद केलं, दोन सेकंदांत आवाज उजळला. आणि उलट बाजूने, रेट्रोआर्च चालू असताना बाकी कशाचाच आवाज येत नसेल तर ऑडिओ आउटपुटमध्ये वासापीचा (विंडोजमधल्या आवाजाच्या एका व्यवस्थेचा) एक्सक्लुझिव्ह मोड चालू आहे का बघा. तो साउंड कार्ड एकट्याने धरून बसतो.

तडतड नाही, पण गाणं पळतंय

रविवारी दुपारी सगळं ठीक झालं आणि भाच्याने मारिओ लावून माझ्यापुढे ठेवला. "घे मावशी, तुझ्या लहानपणचा." पहिल्या चार मात्रांतच मी म्हटलं, हे पळतंय. तो म्हणाला, "अगं, हाच ओरिजिनल स्पीड आहे, एफ३ बघ, साठ." आकडा साठच होता. पण माझा कान चुकत नव्हता.

हे लिहायला घेतलं ते खरं तर यासाठी. चाळिशीतल्या किती जणांना मी असं म्हणताना ऐकलंय की इम्युलेटरवर गेम अवघड वाटतो, हात पूर्वीसारखे चालत नाहीत, वय झालं. वयाचा दोष नाही. तुम्ही लहानपणी खेळलात तो गेम खरोखरच सावकाश चालायचा.

फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला, तिथल्या साठ हर्ट्झच्या टीव्हीसाठी. आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचा, पन्नास हर्ट्झचा. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आलेले टीव्ही गेम बहुतेक करून त्या कन्सोलच्या नकला होत्या, आणि पन्नास हर्ट्झच्या टीव्हीसाठी बनणाऱ्या नकलांमध्ये तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपा सर्रास असायच्या. या चिपा सेकंदाला ५०.००७ फ्रेम्स काढायच्या. साठच्या हिशेबाने लिहिलेला गेम पन्नासाने चालला की तो जवळजवळ सतरा टक्के मंदावतो. जपानमध्ये एका मिनिटात संपणारा भाग मिरजेत बाहत्तर सेकंद चालायचा.

रेट्रोआर्चमध्ये हे जुळवता येतं. गेम उघडून एफ१, मग क्विक मेनू, मग कोअर ऑप्शन्स. तिथे रीजन, म्हणजे कुठल्या देशांतल्या यंत्रासारखं चालायचं ते, असतो आणि तो ऑटोवर असतो. भाच्याने लगेच 'पाल' निवडलं, बहुतेक लोक तेच करतात. लय उतरली, पण मी पुन्हा मान हलवली. आता सूरच खाली गेला होता. पांढरी चारमध्ये वाजायला हवं ते पांढरी तीनच्याही किंचित खाली. आमचा टीव्ही गेम असा खर्जात कधीच वाजत नव्हता.

यादीत पालच्या खाली 'डेंडी' आहे. रशियात विकल्या गेलेल्या अशाच एका नकलेचं ते नाव, आणि इम्युलेटर लिहिणाऱ्यांनी या सगळ्या जातीलाच ते देऊन टाकलं. मेसेन, नेस्टोपिया, एफसीईयूएमएम, तिन्ही कोअरमध्ये हा पर्याय आहे. तो निवडून गेम रीस्टार्ट केला आणि पहिल्या सुरालाच आमच्या मधल्या खोलीतला पोर्टेबल टीव्ही डोळ्यांपुढे उभा राहिला. लय तीच, सूरही तोच. मला एकदम भरून आलं, भाच्याला काय झालं ते कळेना.

फरक कशाने पडतो ते आकड्यांत स्पष्ट दिसतं. या कन्सोलमध्ये सूर प्रोसेसरच्या वेगावरून ठरतो आणि लय बहुतेक गेममध्ये फ्रेमच्या वेगावरून. मूळ जपानी प्रोसेसर १.७८९७७३ मेगाहर्ट्झचा. युरोपात कंपनीने स्वतः विकलेल्या पाल कन्सोलचा १.६६२६०७, म्हणजे सात टक्के कमी, म्हणून सूर सव्वा अर्धस्वर उतरतो. नकलेचा १.७७३४४८. हा मूळच्या इतका जवळ आहे की सूर अर्धस्वराच्या सहाव्या हिश्शाएवढाच उतरतो, आणि तेवढं तयार कानालाही समोरासमोर वाजवल्याशिवाय कळत नाही.

चिप बनवणाऱ्यांनी आणखी एक शहाणपण केलं होतं. मूळ कन्सोलमध्ये प्रोसेसरच्या एका ठोक्यात चित्राचे तीन ठिपके पुढे सरकतात. युरोपीय पाल कन्सोलमध्ये हे प्रमाण ३.२ झालं, त्यामुळे जपानी गेम त्यावर चालवला तर कधी वरची गुणांची पट्टी थरथरते, कधी चित्र मधूनच तुटतं. नकलेने प्रमाण तीनच ठेवलं आणि पन्नास हर्ट्झसाठी लागणाऱ्या जादा ओळी चित्र संपल्यानंतरच्या रिकाम्या वेळात ढकलल्या. गेमला वाटायचं आपण जपानीच यंत्रावर आहोत, फक्त फ्रेम जरा उशिरा येते आहे. म्हणूनच एका कॅसेटमध्ये कोंबलेले ते सगळे जपानी गेम आपल्याकडे बिनबोभाट चालले. तुम्हाला 'पाल' निवडल्यावर पट्टी थरथरताना दिसली तर कारण हे, रॉम खराब नाही.

तुमच्या घरचं यंत्र कुठल्या जातीचं होतं हे कानानेच ठरवा. एकच गेम तिन्ही रीजनमध्ये अर्धा अर्धा मिनिट ऐका. लहानपणी हजार वेळा ऐकलेली धून कान विसरत नाही. रीजन बदलला की गेम रीस्टार्ट करायचा, आणि आधीच्या रीजनमध्ये ठेवलेली सेव्ह स्टेट, म्हणजे खेळ मध्येच गोठवून ठेवलेली फाइल, त्यावर लोड करायची नाही. ती त्या क्षणाची सगळी घड्याळं आपल्याबरोबर घेऊन येते.

पन्नासाचा गेम साठाच्या स्क्रीनवर

डेंडी लावल्यावर आवाज स्वच्छ राहतो, पण मारिओ पळायला लागला की मागचे डोंगर बारीक अडखळत सरकतात. हा बिघाड नव्हे. स्क्रीन साठ वेळा बदलते, फ्रेम्स पन्नास, म्हणून सेकंदाला दहा फ्रेम्स दोनदा दिसतात. तपासायला २४०पी टेस्ट सूट नावाची मोफत रॉम आहे, तिच्यातल्या सरकत्या जाळीवर हे अडखळणं गेमपेक्षा ठळक दिसतं.

लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर यावर पक्का उपाय क्वचितच मिळतो. यादीत ५० किंवा १०० असेल तरच. फ्रीसिंक किंवा जीसिंक असलेला मॉनिटर असेल तर व्हिडिओच्या सिंक्रोनायझेशनमध्ये 'सिंक टू एक्झॅक्ट कंटेंट फ्रेमरेट' चालू करा. असे पुष्कळ मॉनिटर ४८ हर्ट्झपासून पुढे जुळवून घेतात, पन्नास त्यात बसतो. पण सगळ्यात सोपा मार्ग घरातला टीव्ही. आपल्याकडचे टीव्ही एचडीएमआयवरून पन्नास हर्ट्झ सहसा तक्रार न करता घेतात. केबल लावा, अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये वरच्या यादीतून टीव्ही निवडा, रिफ्रेश रेट ५० करा. टीव्हीच्या रिमोटवरून गेम मोड लावा, नाहीतर चित्र सुधारण्याच्या नादात टीव्ही स्वतःचा उशीर घालतो.

मग रेट्रोआर्चमध्ये व्हर्टिकल रिफ्रेश रेट ५०.०० लिहा. हा आकडा मुख्य फाइलमध्ये जाऊ देऊ नका, नाहीतर उद्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर साठवाला दुसरा गेम लावलात की चुकीचं माप समोर येईल. इथे ओव्हरराइड खरी उपयोगाची आहे, ज्या गेममध्ये डेंडी निवडलंय त्या गेमपुरती. सेव्ह करण्याआधी तेवढं बघून घ्या की लेटन्सी ६४ आहे, रन-अहेड आणि शेडर हवे तसे आहेत, कारण जे काही वेगळं असेल ते सगळंच तिथे लिहिलं जाणार आहे.

आमच्याकडे टीव्हीवर असा लावल्यावर डोंगर लोण्यासारखे सरकले. भाचा सोमवारी पहाटेच्या गाडीने गेला. जाताना त्याने कॉन्फिगचं सगळं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं, तेवढं तुम्हीही करा. होस्टेलवर टीव्ही नाही, म्हणून तिथे तो साठावरच खेळतो.